विशूचा ‘ठप्प’ आणि कृत्तिकेचा ‘भुंऽऽम’

दोन ढोलक्या अगदी एकसारख्या. दोन स्पीकर एकाच साच्यातून निघालेले. दोघांना जोर पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर (क्षीण विद्युतसंदेश जोरकस करून स्पीकरला देणारं यंत्र) तर एकच. मग विशूनं थाप मारली की ‘ठप्प’ असा आवाज येऊन तिथल्या तिथे संपायचा, आणि कृत्तिकेनं मारली की ‘भुंऽऽम’ करत लांबत जायचा, हे कसं?

कृत्तिकेकडे याचं उत्तर तयार होतं. ते मुळीच शास्त्रीय नव्हतं. “आबांनी चांगलं ते विशूला दिलं आणि उरलेलं मला,” असं ती स्वतःशी म्हणायची, आणि म्हटलं की पोटात काहीतरी तापल्यासारखं व्हायचं.

कृत्तिका अकरा वर्षांची. तिचा जन्म चंद्रावरचा, शिवार नावाच्या वसाहतीतला. फार पूर्वी चंद्रावर लाव्हा वाहून गेला तेव्हा मागे लांबच लांब पोकळ बोगदे उरले. अशाच एका बोगद्यात हवा भरून, दारं बसवून माणसांनी शिवार वसवलं होतं. कृत्तिकेची आई तिथल्या भाजीमळ्यात काम करायची. आबा, म्हणजे आईचे वडील, चंद्रकंपांचा (चंद्राच्या पोटातून येणाऱ्या धक्क्यांचा) अभ्यास करायचे. आबांच्या प्रयोगशाळेत वाटेल तेव्हा घुसायचा हक्क फक्त कृत्तिकेला होता. विशू येईपर्यंत.

विशू हा तिचा मामेभाऊ. मूळचा पृथ्वीवरच्या गारगोटी गावचा. मामाची बदली चंद्रावर झाली आणि तोही आला. त्यानं नदीत पोहून पाहिलं होतं. झाडावर बसून आंबे खाल्ले होते. खऱ्या चामड्याची ढोलकी वाजवली होती. मुलं त्याच्याभोवती गोळा व्हायची आणि “पाऊस अंगावर पडतो तेव्हा दुखतं का रे?” असले प्रश्न विचारत बसायची. आणि रोज संध्याकाळी आबा त्याचा हात धरून त्याला बोगद्यातून फिरवून आणायचे. आपला हात त्यांनी शेवटचा कधी धरला होता, हे कृत्तिकेला आठवतही नव्हतं.

वसाहतीचा वर्धापनदिन जवळ आला होता. चावडीत, म्हणजे सगळ्यांनी एकत्र जमण्याच्या लांबलचक दालनात, ढोलकीचा सवाल-जवाब ठरला होता. पश्चिम टोकाला विशू, पूर्व टोकाला कृत्तिका आणि मधे सगळी माणसं. ढोलक्या विजेवरच्या होत्या. रबरी तोंडावर थाप मारली की तिचा संदेश बिनतारी मार्गानं पश्चिमेच्या भिंतीतल्या अ‍ॅम्प्लिफायरकडे जायचा आणि तिथून वायरीनं ज्याच्या त्याच्या स्पीकरकडे.

तालमीत विशूचा सवाल झाला. कृत्तिकेनं जवाब दिला. तिच्या स्पीकरमधून आधी बारीकसा आवाज आला, म्हणून तिनं तो वाढवला. आता तो मोठा झाला, पण नुसता घुमायला लागला.

“कृत्तिकाताईच्या ढोलकीच्या पोटात गुडगुडतंय!” पहिल्या रांगेतली एक चिमुरडी ओरडली. सगळे खो खो हसले.

कार्यक्रमाची व्यवस्था रेहानामावशींकडे होती. एरवी त्या वसाहतीचं भांडार सांभाळायच्या. त्या हसल्या नाहीत, पण जे बोलल्या ते हसण्याहून वाईट होतं.

“बाळा, तुझा एक ठोका कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो, तेच कळत नाही. परवा शेवटची तालीम आहे. तोवर सुधारलं तर उत्तम. नाहीतर विशूला एकट्याला वाजवू दे. तू झांजा घे.”

झांजा! कृत्तिका चावडीतून निघाली ती थेट आबांच्या प्रयोगशाळेत. थोड्या वेळानं विशूही हळूहळू, भिंतीला धरत तिथे पोचला. आबांनी त्याला बसायला स्टूल दिलं. कृत्तिकेचं स्टूल.

“आबा,” ती म्हणाली, “विशूकडे आहे ते सगळं मला हवं.”

“सगळं म्हणजे?”

“त्याची ढोलकी. त्याचा स्पीकर. त्याची जागा. सगळं!”

“घे की,” विशू म्हणाला. “मला कुठलंबी चालतंय.”

त्यामुळे तर तिचा आणखीनच जळफळाट झाला.

ती आता बोलणी खाणार असं विशूला वाटलं. पण आबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “देऊ. फक्त एक अट. एका वेळी एकच गोष्ट मागायची. सगळं एकदम बदललं आणि आवाज सुधारला, तर दोष कशात होता हे आपल्याला कधीच कळणार नाही. बोल, आधी काय हवं?”

“ढोलकी.”

तिघं चावडीत गेले. ढोलक्यांची अदलाबदल झाली, आणि आबांनी त्यांचे संदेशही त्या त्या टोकाच्या स्पीकरकडे वळवले. कृत्तिकेनं पूर्वेला बसून विशूच्या ढोलकीवर थाप मारली. भुंऽऽम! विशूनं तिकडून तिच्या ढोलकीवर मारली. ठप्प.

“स्पीकर,” कृत्तिका दातओठ खात म्हणाली.

स्पीकर चांगला तिच्या कमरेइतका उंच होता. पण चंद्रावर वजन पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढंच भरतं. तिनं आपला स्पीकर उचलला आणि तरातरा पश्चिमेकडे पळत सुटली. विशूच्या जागेशी पोचल्यावर मात्र ती थांबली, पण स्पीकर थांबेना! त्यानं तिला पुढे खेचलं आणि ती स्पीकरसकट भिंतीवर लावलेल्या गादीवर जाऊन आदळली.

“लागलं का?” आबांनी विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. लागलं होतं.

स्पीकर बदलले. विशूचा ‘चांगला’ स्पीकर पूर्वेला जाताच भुंऽऽम करायला लागला. तिचा ‘वाईट’ स्पीकर पश्चिमेला आला आणि शहाण्यासारखा ठप्प वाजला.

कृत्तिका क्षणभर गोंधळली. पण तिच्या मनातली आग गोंधळानं विझण्यासारखी नव्हती. अ‍ॅम्प्लिफायरला दोन बाजू होत्या, डावी विशूची आणि उजवी तिची. तिनं डावी मागितली. काही फरक पडला नाही. मग तिनं जागा मागितली. तिचा स्पीकर आणि त्याची लांब वायर गोळा करून सगळं विशूच्या कोपऱ्यात आणून ठेवलं, अगदी त्याच्या स्पीकरला खेटून. विशूनं दोन्हीकडे एकामागून एक आवाज पाठवला.

ठप्प. भुंऽऽम.

“म्हणजे जागेचाही दोष नाही,” आबा म्हणाले. त्यांचे डोळे चमकत होते. “कृत्तिका, तुझा हेवा मोठा पद्धतशीर आहे बरं का. विशूची ढोलकी, स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायरची बाजू, जागा, सगळं तू घेऊन पाहिलंस. आता मागायला काय उरलं?”

कृत्तिकेनं खाली पाहिलं. तिच्या पायाशी तिच्या स्पीकरच्या वायरीचं भलंमोठं वेटोळं पडलं होतं. विशूच्या स्पीकरमागे हातभर लांबीची वायर होती.

“वायर,” ती म्हणाली. आणि लगेच तिच्या लक्षात आलं, “पण त्याची वायर माझ्यापर्यंत पोचणारच नाही!”

“बरोबर. दोन्ही वायरी सारख्याच बारीक आहेत. चंद्रावर तांबं मिळत नाही, ते पृथ्वीवरून येतं, म्हणून इथे सगळीकडे शेवईसारख्या बारीक वायरी वापरतात. फरक लांबीचा आहे.”

“पण आबा,” विशू म्हणाला, “वायर लांब असली तर आवाज बारीक होईल, हे पटतंय. घुमायला कशापायी लागेल?”

हा प्रश्न आपण विचारायला हवा होता, असं कृत्तिकेला फार वाटलं.

आबांनी स्पीकरची जाळी काढली. आत काळा, गोल, वाडग्यासारखा पडदा होता. “याला मागच्या बाजूनं तांब्याच्या तारेचं रीळ चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या मधोमध तरंगत असतं. रिळातून वीज गेली की चुंबक त्याला ढकलतं, पडदा हलतो, हवा हलते आणि आपल्याला आवाज येतो. आता कृत्तिका, सगळ्या वायरी काढ आणि पडद्यावर हलकेच टिचकी मार.”

तिनं मारली. पडदा ‘ढुम्’ करून थरथरत राहिला.

आबांनी वायरीचा बोटभर तुकडा घेतला आणि स्पीकरची मागची दोन टोकं एकमेकांना जोडली. बाकी काही नाही. “आता मार.”

‘ठक्.’ पडदा एकदम मुका झाला.

कृत्तिकेनं पुन्हा मारली. मग बोटानं पडदा हळूच आत दाबला. जणू कुणी पलीकडून मध ओतून ठेवला असावा, तसा तो जड लागत होता. तिनं तुकडा काढला. पडदा मोकळा, हलका. तुकडा लावला. जड. ती रागावली आहे हेसुद्धा ती काही वेळ विसरली.

“स्पीकर तर कशालाच जोडलेला नाही! मग पडदा अडवतंय कोण?”

“तो स्वतःच. वीज दिली की रीळ हलतं. उलटही तितकंच खरं आहे. चुंबकात रीळ हललं की त्यात वीज तयार होते. तू टिचकी मारलीस, रीळ हललं, वीज तयार झाली. टोकं मोकळी असतील तर त्या विजेला जायला वाट नसते. पण टोकं जोडलीस की ती गोल फिरते, आणि तिच्यामुळे चुंबक रिळाला नेमकं उलट्या दिशेनं ढकलतं. म्हणजे ब्रेक लागतो. हलणारी गोष्ट अशी हळूहळू शांत होण्याला अवमंदन (हेलकावे कमी कमी होत विरून जाणं) म्हणतात. मघाशी तू स्पीकर घेऊन पळालीस तेव्हा काय झालं?”

“मी थांबले, पण तो थांबला नाही.”

“पडद्याचंही तेच होतं. ठोका संपला, अ‍ॅम्प्लिफायर म्हणतो थांब, पण पडद्याला गती असते. तो पुढेमागे झुलत राहतो. तोच तुझा भुंऽऽम. त्याला थांबवायला ब्रेकची वीज वाहायला हवी. चांगला अ‍ॅम्प्लिफायर आवाज पाठवत असतानाच या परतणाऱ्या विजेलाही जवळजवळ विनाअडथळा वाट देतो, अगदी या बोटभर तुकड्यासारखी. पण अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत जाऊन परत यायचं कशातून?”

“वायरीतून,” दोघं एकदम म्हणाले. कृत्तिकेनं विशूकडे रागानं पाहिलं.

“आणि प्रत्येक वायरीला रोध (विजेच्या वाहण्याला होणारा अडथळा) असतो. वायर लांब, तर रोध जास्त. वायर बारीक, तरीही रोध जास्त. अरुंद आणि लांब गल्लीतून खूप माणसं भराभर जाऊ शकत नाहीत, तसं.” आबांनी मापक लावून पाहिलं. “स्पीकरच्या रिळाचा स्वतःचा रोध आहे सहा ओहम (रोध मोजायचं एकक). विशूची वायर जेमतेम अर्धा ओहम. आणि तुझी वायर, जाऊन येऊन, आठ ओहम! तुझी वायर तुझ्या रिळापेक्षाही जास्त अडवते आहे. ब्रेकची वीज निम्म्याहून कमी झाली. मग पडदा झुलत राहणारच.”

कृत्तिका हळूच म्हणाली, “म्हणजे तुम्ही मला मुद्दाम वाईट स्पीकर दिला नव्हता.”

“नाही गं. पण लांबचं टोक तुला मीच दिलं, हे खरं. तेव्हा वायरीचा विचार केला नाही, ही माझी चूक.”

तिनं विषय बदलला. “जाड वायर हवी. रेहानामावशींकडे असेल.”

रेहानामावशींकडे जाड वायर नव्हती. “बारक्या वायरीचं मात्र एक आख्खं रीळ आहे,” त्या म्हणाल्या. “कार्यक्रमापुरतं न्या. पण तुकडे केलेत तरी परत जोडून द्यावे लागतील हं. आणि बारक्या वायरीनं तुमचं काय होणार?”

ते विशूच्या लक्षात आलं. “एक गल्ली अरुंद असली तर शेजारी दुसरी काढायची! चार बारक्या वायरी एकत्र पिळल्या की एक जाड वायर झालीच की.”

ही कल्पनासुद्धा त्याचीच. कृत्तिकेनं ओठ चावला, पण रीळ तिनंच उचललं.

दुसरा सगळा दिवस दोघं चावडीच्या लांबीभर वायरी अंथरत होते. एक जोडी पसरायची, टोकं पिळायची, पूर्वेला बसून थाप मारायची. दोन वायरी झाल्या तेव्हाच भुंऽऽम आखूड झाला. चार झाल्या तेव्हा तो ‘भुम्’ झाला. आठ झाल्या आणि कृत्तिकेच्या स्पीकरमधून पहिल्यांदाच आवाज आला, ‘ठप्प’.

“झालं!” विशू टाळ्या वाजवत म्हणाला.

“नाही झालं,” कृत्तिका म्हणाली. “अजून आठ लावू.”

“कशाला?”

“मला तुझ्याहून चांगला हवा.”

विशूनं आणखी आठ अंथरायला मदत केली. कृत्तिकेनं डोळे मिटून थाप मारली. मग आठ काढून मारली. पुन्हा लावून मारली. कितीही कान टवकारले तरी दोन्हींत काडीचाही फरक वाटेना.

तेवढ्यात आबा आले. त्यांना सगळं सांगावंच लागलं.

“आठ वायरींमध्ये मिळून एकच ओहम रोध उरला,” ते म्हणाले. “सोळा केल्यास, अर्धा उरला. पण ब्रेकच्या वाटेत रिळाचे स्वतःचे सहा ओहम बसलेत, ते कुठे जातील? सहा आणि आठ, चौदा. त्याचे सात झाले तेव्हा मोठा फरक पडला. साताचे साडेसहा झाले तर कानाला काय कळणार? एका मर्यादेपलीकडे वायर जाड करत राहणं म्हणजे निव्वळ तांबं वाया घालवणं.”

कृत्तिकेनं जास्तीच्या आठ वायरी गुंडाळून ठेवल्या. मग ती आपल्या जागी बसली आणि तिनं जवाबाचा सगळ्यात जलद भाग वाजवायला घेतला.

आणि ती मधेच थांबली.

आता प्रत्येक ठोका सुटा ऐकू येत होता. आणि म्हणूनच हेही ऐकू येत होतं, की तिसरा ठोका उशिरा पडतोय. सहावा तर पडतच नाहीये. इतके दिवस भुंऽऽमच्या गुरगुराटात या चुका लपून गेल्या होत्या. तिनं पुन्हा वाजवलं. पुन्हा तसंच. पलीकडून विशूनं सहज तोच तुकडा वाजवला. एकूण एक ठोका जिथल्या तिथे.

आता मागण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ढोलकी तीच, स्पीकर तोच, वायरही तशीच. त्याच्याकडे होती ती फक्त बोटं, आणि ती मागता येत नव्हती. कृत्तिका ढोलकीवर डोकं टेकून रडायला लागली.

विशूनं ते पाहिलं. तो उठला आणि चावडीच्या लांबीभर चालत आला. मधेच त्याचा तोल गेला, तो उगाचच उंच उडाला, गुडघ्यावर पडला, परत उठला. कृत्तिका रडता रडता बघत होती. तो इतकं वाईट चालतो हे तिनं कधी नीट पाहिलंच नव्हतं.

“तुला इथं कसं पळता येतं गं?” तिच्याशेजारी धपकन बसत तो म्हणाला. “मला बघून बारकी पोरं हसतात. आबा हात धरून चालवतात मला, एवढा घोडा झालो तरी. लांब चालताना पडू नये म्हणून दाराजवळची, अ‍ॅम्प्लिफायरशेजारची जागा पण मलाच. लई लाज वाटते. तू पळतीस ना, तेव्हा मला तुझा राग येतो.”

“माझा?” कृत्तिकेनं डोळे पुसले. “तुला? माझा?”

“व्हय. तुझा.”

पोटातलं ते तापलेलं काही एकदम निवलं असं नाही. पण त्याच्यापाशीही तसलंच काही आहे, हे कळल्यावर ते तितकंसं चटके देईना.

“सहावा ठोका कुठल्या बोटानं मारतोस?” तिनं विचारलं.

“करंगळीजवळच्या. हात दे इकडं.”

शेवटच्या तालमीला रेहानामावशींनी झांजा दुसऱ्या मुलीला दिल्या.

वर्धापनदिनाला चावडी खचाखच भरली. विशूचा सवाल पश्चिमेकडून आला, कोरीव अक्षरासारखा स्वच्छ. कृत्तिकेचा जवाब पूर्वेकडून गेला, तितकाच स्वच्छ. जलद भागात तिचा एक ठोका चुकला, आणि आवाज इतका स्पष्ट होता की तो सगळ्यांना ऐकू आला. तिचा चेहरा लाल झाला, पण हात थांबले नाहीत. पुढच्या खेपेला तोच तुकडा तिनं जरा संथ घेतला, आणि ठोके एकामागून एक जागच्या जागी पडत गेले. टाळ्या विशूला जास्त मिळाल्या. तिला ते दिसलं, थोडंसं टोचलंही. तरी ती स्वतः टाळ्या वाजवत होती.

दोन दिवसांनी आबांनी दोघांना प्रयोगशाळेत बोलावलं. टेबलावर मुठीएवढा डबा होता. “चंद्रकंप ऐकायचा कान. यातही रीळ आहे आणि चुंबक आहे. जमीन हलली की वीज तयार होते, ती आपण मोजतो.”

कृत्तिकेनं डबा फिरवून पाहिला. “मग धक्का थांबल्यावर यातलं रीळही झुलत राहत असेल. याला ब्रेक कसा लावता?”

आबांनी खुशीत डबा उलटा करून त्याची दोन टोकं दाखवली. “टोकांमध्ये मोजूनमापून रोध बसवतो. कमी बसवला तर ब्रेक फार घट्ट, जास्त बसवला तर फार सैल. नेमका किती हवा ते करून बघावं लागतं. शिवारच्या पूर्वेला जमिनीत बसवायच्या नव्या डब्यांसाठी ते काम बाकी आहे. तुम्ही दोघं कराल?”

त्यांनी संगणकाच्या पडद्यावर कालच्या एका चंद्रकंपाची रेघ दाखवली. ती थरथरत पुढे पुढे जात होती, संपतच नव्हती.

“याचा ब्रेक बिघडलाय,” विशू म्हणाला.

“नाही. हे खुद्द चंद्राचं घुमणं आहे. पृथ्वीच्या खडकांत पाणी आणि ओल असते, तिथे धक्के लवकर विरतात. चंद्राचा खडक कोरडा, थंड. एकदा हलला की कितीतरी मिनिटं घुमत राहतो.”

“म्हणजे चंद्राला अवमंदन फारच कमी,” कृत्तिका म्हणाली. “आणि त्याला वायर तर जोडता येणार नाही.”

“नकोच जोडायला. तो लवकर थांबत नाही, म्हणून तर आपल्याला ऐकायला वेळ मिळतो. कुठे खडक भरीव आहे, कुठे पोकळ आहे, हे या घुमण्यातूनच ओळखायचं. पूर्वेला आणखी एक बोगदा असावा असा माझा अंदाज आहे. शिवारपेक्षा मोठा. तिथे शेती होईल, कदाचित तळंसुद्धा.”

“पोहता येईल एवढं?” विशूनं विचारलं.

“आधी बोगदा तर सापडू दे.”

पडद्यावरची रेघ अजून थरथरत होती. विशूला मागून नीट दिसत नव्हतं. कृत्तिका स्टुलावर जरा सरकून बसली आणि तिनं त्याला शेजारी जागा करून दिली.